तिसरीच्या वर्गात शेणाचा धडा

पत्र : मी भांडुपमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीला शिकवते. प्राण्यांचा विषय एका तासापुरता न ठेवता तीन आठवडे परिसर अभ्यास, मराठी, गणित आणि कला या सगळ्या विषयांतून न्यायचा, असे आम्ही शिक्षकांनी या सत्रात ठरवले. प्राणी कुठे राहतात, काय खातात, इथवर सारे सुरळीत चालले. मग शेण, लीद, लेंड्या हा भाग आला आणि वर्ग ‘ईऽऽ’ करून हसत सुटला. त्या गोंधळात एका मुलाने शेजारच्या मुलीला, ‘तुझे बाबा हेच उचलतात ना?’ असे विचारले. तिचे वडील सफाई कामगार आहेत. तेव्हापासून ती वर्गात फारशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी एका पालकांनी, मुलांना शाळेत हे असले शिकायला पाठवतो का, अशी तक्रार केली. मुख्याध्यापिका म्हणतात की नीट आराखडा असेल तर पुढे जा, नाहीतर हा भाग सोडून द्या. मुलांना तबेला दाखवायला न्यावे असेही माझ्या मनात आहे. काय करावे?
एक शिक्षिका, भांडुप

सप्रेम नमस्कार.

हा भाग सोडून देऊ नका. ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, त्याला या विषयातील दोनच गोष्टी आजवर कळलेल्या आहेत : शेणाला वास येतो, आणि ते उचलणारा माणूस आपल्यापेक्षा खालचा असतो. दुसरी गोष्ट त्याने स्वतः शोधून काढलेली नाही. ती त्याने मोठ्यांच्या बोलण्यातून उचलली आहे. तुम्ही आता थांबलात, तर वर्गातील सगळ्या मुलांकडे तेवढेच ज्ञान उरेल आणि त्या मुलीकडे तो प्रश्न उरेल.

पहिले काम तिच्यासाठी करायचे आहे, परंतु ते तिला पुढे न आणता. तिला उभे करून वडिलांच्या कामाविषयी बोलायला सांगू नका आणि तिची बाजू घेण्यासाठी तिचे नावही घेऊ नका, कारण आठ वर्षांच्या मुलीला त्या क्षणी आपल्याकडे कोणीही न पाहणे हेच हवे असते. त्या मुलाशी एकट्याशी, न रागावता बोला. त्याच्या प्रश्नाने कोणाला वाईट वाटले असेल हे त्याला त्याच्याच तोंडून सांगता येईल असे विचारा. संपूर्ण वर्गाला मात्र तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगायला हवे : ‘आपल्या सगळ्यांच्या पोटातून आणि सगळ्या प्राण्यांच्या पोटातून विष्ठा बाहेर पडते. ती उचलणारी माणसे एक आठवडा कामावर आली नाहीत, तर आपण आजारी पडू. त्यांच्या कामाला या वर्गात कोणी हसणार नाही.’ एवढे सांगून पुढच्या धड्याकडे वळा. यावर लांबलचक बोधपर भाषण झाले, तर सगळ्या नजरा पुन्हा त्याच बाकाकडे वळतील.

आता आराखड्याविषयी. ‘आज शेणाचे गणित, उद्या शेणाची कविता’ अशा पद्धतीने विषय जोडले, तर तो नुसता सोपस्कार होतो आणि मुलांनाही ते कळते. त्याऐवजी एकच प्रश्न हाती घ्या आणि तोच प्रत्येक तासाला विचारा : पुढे त्याचे काय होते? गाईने शेण टाकले, कबुतराने खिडकीवर शीट टाकली, मेंढी लेंड्या टाकत पुढे गेली, मग? ‘ईऽऽ’ हा उद्गार वस्तूपाशी थांबतो, हा प्रश्न मुलांना तिच्यापलीकडे नेतो. किळस वाटणे गैर नाही, हेही मुलांना सांगा. रोगापासून दूर ठेवणारी ती एक उपजत सावधगिरी आहे. परंतु तिला धोका कुठे आहे आणि कुठे नाही हे नेमके कळत नाही, म्हणून ते शिकावे लागते.

परिसर अभ्यासाची सुरुवात शाळेच्या भिंतीपासून करा. मुंबईतील जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीच्या भेगेत, पाण्याच्या पाइपाच्या सांध्यात किंवा गच्चीच्या कठड्यात पिंपळाचे रोप उगवलेले दिसते. ते कोणी लावले, हे मुलांना विचारा. कावळे, मैना, कोकीळ पिंपळाची बारीक फळे खातात. गर पचतो, बी पचत नाही. ती विष्ठेबरोबर भिंतीवर पडते आणि पावसाळ्यात रुजते. तिसरीच्या मुलांना हा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो, आणि एकदा तो दिसला की ती घरी जाताना प्रत्येक इमारतीवर पिंपळ शोधू लागतील. त्याच तासाला त्यांना हेही दाखवता येईल की पक्ष्याच्या शिटेत पांढरा आणि गडद असे दोन भाग असतात. गडद भाग ही विष्ठा आणि पांढरा भाग हे यूरिक आम्ल, म्हणजे आपल्या लघवीच्या जागी पक्षी जे बाहेर टाकतो ते. पक्षी दोन्ही एकाच वाटेने टाकतो.

तुमच्या शाळेपासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दूर नाही. तिथल्या बिबट्याने काय खाल्ले हे त्याला न पाहताही कसे कळते, हे मुलांना सांगा. संशोधक त्याची विष्ठा गोळा करून वाळवतात, तिच्यात न पचलेले केस आणि हाडांचे तुकडे शोधतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसांची रचना पाहून ते हरणाचे की भटक्या कुत्र्याचे हे ठरवतात. मुंबईचे बिबटे वस्तीच्या कडेला कुत्रे खातात, ही माहिती अशाही मार्गाने मिळाली आहे. जंगलात जाऊन असे काही शोधण्याची गरज नाही, चित्रे पुरेत.

मग त्याच प्रश्नाची उलट बाजू घ्या : पुढे काहीच झाले नाही तर? याचे फार बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तिथे १७८८ पासून युरोपीय वसाहतकऱ्यांनी गुरे नेली. तिथले शेणकिडे, म्हणजे शेण खाऊन आणि मातीत पुरून संपवणारे किडे, कांगारूंच्या छोट्या, कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गुरांच्या शेणाचे ओले, मोठे पो त्यांना आवरेनात. शेण कुरणात वाळत पडून राहिले, त्याखालचे गवत मेले आणि शेणात माश्यांची पैदास झाली. अखेर १९६०च्या दशकाच्या शेवटापासून शास्त्रज्ञांनी आफ्रिकेसारख्या प्रदेशांतील शेणकिडे तिथे नेऊन सोडले. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा आपल्याकडच्या मुलांनी गावी पाहिलेला असतो. एका देशाला तो बाहेरून मागवावा लागला, हे ऐकल्यावर त्याच्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलते.

आपल्या शहरातही हा प्रश्न आहे. गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली, ती शहरात दाटीवाटीने असलेल्या म्हशींना बाहेर जागा मिळावी म्हणून. उत्तर मुंबईतील तबेल्यांचे शेण मात्र वर्षानुवर्षे नाल्यांतून दहिसर, ओशिवरा यांसारख्या नद्यांत जात राहिले. शेतात पडलेले शेण मातीला सकस करते आणि तेच नदीत पडले की कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरून टाकते, त्यामुळे मासे गुदमरतात. ‘शेण चांगले की वाईट?’ असा प्रश्न वर्गात विचारू नका. ते किती आहे आणि कुठे पडले आहे, हे विचारा. आठ वर्षांच्या मुलांना हा फरक समजतो, फक्त मोठी माणसे तो त्यांच्यापुढे ठेवत नाहीत.

गोबरगॅसचा भाग इथेच घ्या. हवा न लागता शेण कुजले की मिथेन हा जळणारा वायू तयार होतो, एवढे तिसरीला पुरे. मुंबईच्या शिक्षिकेने सांगावी अशी एक गोष्ट यात आहे : माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून वायू मिळवून त्यावर दिवे लावले जात होते. ज्या रुग्णांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्या वस्तीत हा प्रयोग झाला. आपल्या शहराच्या इतिहासातील हे पान मुलांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

आरोग्याचा भाग एका तासात उरकण्यासारखा नाही. तो तिन्ही आठवडे थोडा थोडा यायला हवा. मुंबईत सर्वांत आधी लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, कुत्रे आणि गुरे यांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून किंवा ओरखड्यातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने या रोगाची साथ अनुभवली आहे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नये, चालावेच लागले तर घरी येऊन पाय साबणाने धुवावेत, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगावे, ही तीन वाक्ये मुलांना पाठ असली पाहिजेत. कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी मातीत अनेक महिने टिकतात, म्हणून मैदानात खेळून आल्यावर नखांखालून हात धुवायचे. घरी कुत्रा असलेल्या मुलांना, फिरायला नेताना पिशवी सोबत न्यायची आणि विष्ठा उचलायची, हे त्यांच्या पालकांना सांगायला लावा. मुलांनी सांगितलेले घरात ऐकले जाते.

कबुतरांचा विषय निघेलच. २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून शहरात मोठा वाद झाला आणि काही मुलांच्या घरी दाणे घालणे हा श्रद्धेचा भाग असेल. तुम्ही वर्गात कोणाच्या श्रद्धेचा निवाडा करू नका, पण वस्तुस्थिती लपवूही नका. वाळलेल्या शिटेची धूळ दीर्घकाळ श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, त्यामुळे खिडकीवरची शीट कोरडी झाडू नये. आधी पाण्याने भिजवावी, नाकातोंडाला फडके किंवा मास्क बांधून मग मोठ्या माणसाने ती पुसावी.

‘आमची आजी सांगते, शेण लावले की जखम बरी होते,’ असे एखादे मूल म्हणेल. तिथे आजीचा अपमान न करता, परंतु ठामपणे उत्तर द्या. जनावरांच्या विष्ठेत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या कापलेल्या नाळेला शेण किंवा राख लावण्याच्या रिवाजामुळे आपल्या देशात असंख्य नवजात बालके दगावली. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे हे थांबत गेले आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. अंगण शेणाने सारवणे ही एक गोष्ट आहे आणि उघड्या जखमेला शेण लावणे ही दुसरी.

गणितासाठी तबेल्याचाच हिशेब घ्या. एक म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते असे धरले, तर दहा म्हशींचे १५० किलो आणि आठवड्याचे १,०५० किलो होते. ताज्या शेणात सुमारे चार पंचमांश पाणी असते, म्हणजे १५० किलो वाळले की ३० किलो उरते. घरगुती वापराच्या २ घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. मग दहा म्हशींवर किती कुटुंबांच्या चुली पेटतील? हे उदाहरण सोडवताना मुले हसत नाहीत, कारण उत्तर काय येणार याची त्यांना उत्सुकता असते. भूमितीत घन हा आकार शिकवताना ऑस्ट्रेलियातील वॉम्बॅट या प्राण्याची चौकोनी विष्ठा दाखवा. त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, त्यामुळे विष्ठेला कोपरे येतात. मोजमापात सेकंद शिकवायचे असतील, तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन उपयोगी पडेल : मांजरापासून हत्तीपर्यंत सस्तन प्राण्यांना शौचाला सरासरी सुमारे १२ सेकंदच लागतात. डोळे मिटून १२ सेकंद मोजायला सांगा. इथे वर्ग हसेल, तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्हीही हसा. हे हसू कोणाला दुखावणारे नाही.

मराठीच्या तासाला आधी शब्दसंपदा येईलच : गाईम्हशीचे शेण, घोड्याची लीद, शेळीमेंढीच्या लेंड्या, पक्ष्याची शीट, मग शेणखत, लेंडीखत, गोवरी, सडा, सारवण. मुंबईच्या मुलांना यांतले अर्धे शब्द ठाऊक नसतील, ते गावाकडच्या आजीआजोबांना फोनवर विचारून आणायला सांगा. त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारायला लावा : गोठ्यातले शेण कोण काढते? बहुतेक उत्तरांत आई, काकी, आत्या, आजी यांचीच नावे येतील. ती फळ्यावर लिहून ठेवा आणि मुलांना त्यावर बोलू द्या.

यानंतर सावित्रीबाईंकडे या. तिसरीच्या मुलांना ही हकीकत ३ जानेवारीच्या भाषणांतून माहीत असते : १८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, शाळेत जाताना लोक सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकत, आणि त्या बदलायला दुसरे लुगडे सोबत ठेवत. मुलांना विचारा की फेकणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी सकाळी काय सारवले होते? ज्या शेणाने ओटा पवित्र झाला असे ते मानत होते, तेच दुपारी अपमान करायला हातात घेतले गेले. शेण दोन्ही वेळा एकच होते. मग अपमान कशात होता? या प्रश्नावर मुलांना हवा तेवढा वेळ द्या आणि उत्तर तुमच्याकडून देऊ नका. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर याच तासात आहे, आणि इथे कोणाच्याही बाबांचे नाव येत नाही. हा तास दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घ्या. तोपर्यंत शेणाविषयी बरेच काही कळलेले असल्यामुळे मुले त्यावर नीट विचार करू शकतील.

सफाईच्या कामाविषयी तिसऱ्या आठवड्यात एक तास जरूर ठेवा. महापालिकेच्या विभाग कार्यालयातील घनकचरा व्यवस्थापन खात्याशी मुख्याध्यापिकांमार्फत पत्रव्यवहार करून एखाद्या मुकादमांना किंवा सफाई कामगारांना शाळेत बोलवता येईल. मात्र ते दुसऱ्या भागातले असावेत. त्या मुलीच्या वडिलांनी आपणहून इच्छा दाखवली आणि तिलाही ते हवे असेल, तरच त्यांना बोलवा. पाहुण्यांना ‘तुम्हाला घाण वाटत नाही का?’ असे विचारू देऊ नका. चौकीवर हजेरी किती वाजता लागते, हातमोजे आणि बूट मिळतात का, पावसाळ्यात काम कसे बदलते, आम्ही कचरा कसा दिला तर तुमचे काम हलके होईल, असे प्रश्न आधीच तयार करून घ्या. माणसाने हाताने मैला साफ करण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी. तिसरीला कायदा शिकवण्याची गरज नाही, पण एखाद्या मुलाने विचारले तर तुम्हाला उत्तर देता आले पाहिजे. आणि एक गोष्ट कधीही करू नका : या प्रकल्पाच्या निमित्ताने वर्ग किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे काम ठरावीक मुलांना देऊ नका.

कलेविषयी थोडक्यात सांगते. वारली चित्रे मुळात कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप देऊन, त्यावर गेरू लावून तांदळाच्या पिठाने काढली जातात. शाळेत शेण न आणता, जाड कागदाला गेरूचा रंग देऊन मुलांना त्यावर पांढऱ्या रंगाने गोठा, खत, शेत आणि पीक काढू द्या.

भूगोलाच्या अंगाने धनगरांची गोष्ट मात्र जरूर घ्या, कारण तुमच्या वर्गात कोकणातली आणि घाटावरची दोन्ही मुले असणार. पाऊस सरल्यावर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. भात कापलेल्या शेतात शेतकरी त्यांना रात्री मेंढ्या बसवायला सांगतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. रात्रभरात शेताला लेंड्यांचे आणि मुताचे खत मिळते. नकाशावर ही वाट मुलांना बोटाने गिरवू द्या.

पालकांना एक पानाचे पत्र पाठवा. त्यात समर्थनाचा सूर नको. तीन आठवड्यांत मुले काय शिकतील ते लिहा आणि लेप्टोची माहिती सर्वांत वर ठेवा. तक्रार करणाऱ्या पालकांना वहीतले गणित दाखवा आणि सहलीला सोबत यायला सांगा. वर्गात शेण आणले जाणार नाही, कोणतेही मूल ते हाताळणार नाही, हे त्या पत्रात स्पष्ट लिहा आणि तसेच वागा. पूर्ण कुजलेले, वासही न येणारे गांडूळखत बंद बरणीत दाखवायला हरकत नाही.

तबेल्याची सहल पावसाळ्यात काढू नका. दिवाळीच्या सुटीनंतर, जमीन कोरडी झाल्यावर न्या. तबेलेवाल्यांची आधी परवानगी घ्या आणि ते शेणाचे काय करतात हे तेव्हाच विचारून ठेवा. नाल्यात सोडत असतील तर मुलांसमोर त्यांना जाब विचारण्याची वेळ येऊ देऊ नका, दुसरा तबेला पाहा. सगळ्यांच्या पायांत बंद बूट असावेत, ज्यांच्या पायाला जखम असेल त्यांच्या जखमेवर पट्टी असावी आणि ती मुले ओल्या भागात जाऊ नयेत, तिथे कोणी काही खाऊ नये, आणि बसमध्ये चढण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. साबण आणि पाण्याचा कॅन शाळेतूनच न्या.